परक्यांच्या तोंडातला चा

आमच्या पाड्यावर कोणी परका आला, की त्याला आमचं बोलणं येत नसतं. पाणी मागायचं तरी ओंजळ करून दाखवतो. पण चा म्हटलं की त्याला लगेच कळतं. बोअर मारायला लांबून मद्रासकडचे लोक गाडी घेऊन आले होते, ते आपसात काय बोलत ते देवाला ठाऊक, पण चा म्हटल्यावर सगळे उठून आले. मला ह्या गोष्टीचा पहिल्यापासून संशय. जो शब्द आपल्या चुलीजवळ आहे आणि येणाऱ्या प्रत्येक परक्याच्या तोंडात पण आहे, तो आपला कसा म्हणायचा? कोणीतरी तो आधी पुढे धाडला आणि पाठून माणसं आली, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

माझं माहेर तलासरीच्या वर, डोंगराकडे. लहानपणी आमच्या घरात चा नव्हता. ताप आला की आई कुंपणाजवळची पात तोडायची, बोटाला कापते ती, आणि गुळाच्या खड्याबरोबर उकळायची. त्याला आम्ही पातीचं पाणी म्हणायचो. तीच पात आता डहाणूच्या बाजारात जुडी बांधून येते. तिला सगळे गवती चा म्हणतात. भाजीवाली गुजरातीण लीली चा म्हणते. त्यात चाची पूड चिमूटभर पण नाही. आमच्या पातीचं नावच गेलं.

लग्न होऊन मी गंजाडच्या बाजूला आले. पावसाळ्यात घरचं भात, ते झालं की खाली चिखले गावात चिकूच्या वाडीत मजुरी. तिथेच झोपडी घालून राहायचो. सकाळी उपाशी पोटी काळा चा मिळायचा, करवंटीत. कप धन्याच्या घरात. चाने भूक मरते हे धन्याला आमच्या आधी ठाऊक होतं. दुसरं पोर पोटात होतं तेव्हा मी त्या एका करवंटीवर दुपारपर्यंत चिकू वेचायची. ते पोर राहिलं नाही. त्याचं आणखी काय सांगायचं.

वाडीचे धनी इराणातून आलेल्या घरातले. त्यांची म्हातारी बाई ओट्यावर बसून चाय मागायची. राखणदार नेपाळचा, तो चिया म्हणायचा. नाक्यावरचा वाणी गुजराती, त्याचा चा आमच्यासारखाच. एकदा मी बाईला विचारलं, "बाईसाहेब, हा चाय कुठला?" तर म्हणाली, "आमचा. आमच्या मुलखातून आला, शब्द पण आमचाच." वाण्याला विचारलं, तो म्हणाला, "अरे बेन, चा तो अमारी ज." राखणदार नुसता हसला आणि म्हणाला, चिया तर आमच्याकडे डोंगरावर उगवते, हे दोघं कशाला भांडतात? मी मनात म्हटलं, आपलं-आपलं म्हणणारे एवढे, तर खरा मालक ह्यांच्यात कोणीच नसणार.

आता आमच्या पाड्याची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोयरीक जुळवायला मुलाकडचे येतात, ते चाची पुडी आणि साखर घेऊन येतात आणि मुलीच्या घरी ठेवून जातात. माझ्या सासूच्या वेळेपासून असं आहे, त्याच्या आधी ताडी असायची. मुलीकडच्यांनी पुडी फोडली, चा उकळला आणि प्यायला, की होकार. तोंडाने काही बोलायचं नाही. पुडी तशीच खुंटीला टांगलेली राहिली, तर नकार. आणि पिऊन झाल्यावर मन फिरलं तर? तर तेवढीच पुडी आपण आणायची, ज्याने आधी आणली होती त्याला आपल्या अंगणात बसवायचं आणि पाच जणांदेखत प्यायला लावायचं. तो प्यायला की दोन्ही घरं मोकळी. ह्याला आम्ही चा परत करणं म्हणतो. माझ्या नणंदेचा असा परत केला होता.

पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून साहेब लोकांचं येणं वाढलं. कधी शौचालयाचं, कधी आधारचं, कधी कुठलं. मग काही वर्षांनी रेल्वेच्या नव्या रुळाचं आलं. मोजणीवाले तीन पायांचं यंत्र घेऊन ओढ्याकाठी फिरायला लागले. ओढ्याला लागून माझं शेत. खाली भात, वर उतारावर नागली. नवरा गेला तो ह्याच शेतात, नांगर सोडता सोडता खाली बसला आणि उठला नाही. रूळ ओढ्याच्या बाजूने आला तर पहिलं शेत माझं जाणार, हे पाड्यातल्या पोरांना पण कळत होतं.

मोजणीवाल्यांबरोबर एक मॅडम यायची, आमच्याशी बोलायला ठेवलेली. गोड बोलायची. "आजी, गुडघे काय म्हणतात?" माझे गुडघे दुखतात हे तिला कोणी सांगितलं, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. दिवाळीच्या आधी ती आली आणि घरोघर चाची एक पुडी आणि साखर ठेवून गेली. "भेट समजा, आजी. घरात करून प्या."

ती वळणावर दिसेनाशी झाली तशा आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. माझी जाऊ, म्हणजे नवऱ्याच्या चुलतभावाची बायको, ती शेजारीच राहते. तिचं तोंड कोणी धरू शकत नाही. ती म्हणाली, "काय गे, मॅडमला पोरगा हाय का लग्नाचा?"

"पोरगा कुठला," मी म्हणाले, "तिचा रूळ हाय लग्नाचा."

"मग पोरगी कोण?"

"जमीन."

हसलो, पण पुडी कोणी फोडली नाही. सगळ्यांच्या घरात खुंटीला तशीच राहिली. आणि त्या दिवसापासून पाड्यात वेगळाच खेळ सुरू झाला. कोणाच्या घरातून चाचा वास आला, की दुसऱ्या घरची बाई मिरची नाहीतर आगपेटी मागायच्या निमित्ताने आत डोकावून यायची. पुडी कुठली, वाण्याची का मॅडमची? मी पण जायची. खोटं कशाला सांगू.

त्याच सुमारास मॅडमबरोबर रुळाच्या कामाचा एक जपानचा साहेब आला. त्याचं बोलणं मराठीत करून सांगायला पुण्याकडची एक मुलगी होती. ती मॅडमबरोबर बांधाकडे गेली, साहेब आमच्या अंगणात बाजेवर बसला. आम्ही भात पाखडत होतो. ह्याला काय कळतंय, म्हणून आम्ही मनातलं बोलत होतो. जाऊ म्हणाली, "ह्याचे बूट बघ गे, एकेकात पायलीभर नागली मावेल." मी म्हणाले, "ओढ्यापलीकडची जुनी हद्दीची धोंड कोणी ह्यांना दाखवू नका. विचारलं तर म्हणायचं, आम्हाला नाय ठाऊक."

तेवढ्यात सुनेने त्याला चा आणून दिला. आमच्या घरातला, वाण्याकडचा. आपला चा पाहुण्याला द्यायला काही हरकत नसते, दुसऱ्याचा पिण्यात माणूस बांधला जातो. साहेबाने दोन्ही हातांनी कप घेतला, आत बघितलं, मान लववली आणि म्हणाला, "चा."

चाय नाही, चहा नाही. चा. अगदी आमच्यासारखा.

सुपं हातात तशीच राहिली. जाऊने माझ्या मांडीला चिमटा काढला. "मेलो गे. ह्याला सगळं कळतं."

"धोंडीचं पण ऐकलं असेल," मी म्हणाले.

"थांब, बघते." ती तोंडभर हसली आणि त्याला म्हणाली, "साहेब, तुमच्या मानेवर इंचू चढलाय."

साहेब पण हसला आणि पुन्हा मान लववली.

"बघितलंस?" जाऊ म्हणाली. "इंचू म्हटलं तरी हालला नाय. पक्का माणूस हाय."

त्यानंतर आम्ही तोंडातून अक्षर काढलं नाही. ती पुण्याकडची मुलगी परत आली तर सगळ्या मुक्या. तिने विचारलं, काय झालं? मी सरळ सांगितलं, तुझा साहेब आमचं बोलणं जाणतो आणि न जाणल्याचं सोंग करतो. ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"अहो आजी, त्यांच्या भाषेत पण चाच म्हणतात! तेवढा एकच शब्द सारखा आहे."

"तुमच्या साहेबाची आणि आमची बोली भाऊबंद हाय का?"

"काही नातं नाही. शब्द चीनमधून निघाला. जमिनीच्या वाटेने जिथे जिथे गेला तिथे चा, चाय असा झाला. इराणात, नेपाळात, आपल्याकडे. आणि चीनच्याच एका किनाऱ्यावरून जहाजात बसून गेला, तिथे टी झाला. इंग्रजांचा टी तो. अगदी नेमाने असंच झालं असं नाही, पण साधारण असं म्हणतात."

"नातं नाय तर शब्द एक कसा?"

"शब्द मालाबरोबर जातो, आजी. चा ज्याने विकला, त्याने नाव पण दिलं."

"म्हणजे वाणीच," जाऊ म्हणाली. "मी म्हणतच होते."

ती मुलगी खोटं बोलत नव्हती, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, साहेबाला वाचवते. आणि ती काय-काय बोलली त्यातलं एकच माझ्या डोक्यात राहिलं, की शब्द जमिनीच्या वाटेने आला. त्याला पण जमीनच लागली. वाडीतली बाई, वाणी, राखणदार, तिघं आपलं म्हणत होती आणि तिघांकडे तो दुसऱ्याकडून आलेला. मग आमच्याकडे आणखी कोण-कोण ह्या वाटेने येणार होतं?

त्याच थंडीत जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडे सगळीकडे धक्के बसत होते. भिंती फाटल्या, माणसं घरात झोपायला तयार नव्हती. आम्ही खळ्यावर झोपायचो. एका पहाटे मोठा धक्का आला आणि आमच्या घराची मागची भिंत बसली. सून आत शिरून हाताला लागेल ते बाहेर फेकत होती. गोधड्या, तांदळाचं मडकं, टोप, डबे. माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, कैनाडहून आदल्या दिवशीच आली होती, लेकीला आणि नातवंडांना घेऊन जायला. सगळी थंडीने कुडकुडत होती. माझे दात वाजत होते. सुनेने तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि चा टाकला. मला पहिला दिला, मग आईला.

मी प्यायले. चा चांगला होता, दाट आणि लाल. आमच्या घरच्या चाला असा रंग येत नाही. तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण पोटात ऊब गेली होती.

जाऊ आली ती चुलीजवळ थांबली. पायाने कागद उलटा केला. मॅडमच्या पुडीचा कागद.

"काय गे," ती म्हणाली, "झाली का सोयरीक?"

मी सुनेकडे बघितलं. ती चिडली. "घर अंगावर येत होतं. हाताला लागलं ते उचललं. मी काय कागद बघत बसू?"

विहीण म्हणाली, "चाच ना प्यायलात विहीणबाई? विष तर नाय ना?" कैनाडला ही रीत नाही. तिला कसं समजवायचं?

भांडण कोणी केलं नाही. भांडण बरं असतं. हातपंपावर मी गेले की बोलणं बंद व्हायचं. त्या जपानच्या साहेबासमोर आम्ही गप्प झालो होतो ना, तशाच माझ्यासमोर गप्प. उन्हाळ्यात ग्रामसभा होती, रुळाला हो म्हणायचं का नाही ते ठरणार होतं. सगळे नाही म्हणणार होते. मला जाऊ म्हणाली, "तू येऊन बस हवं तर. पण बोलू नको. तुझं ठरलंय." म्हणजे ओढ्याकाठचं पहिलं शेत माझं, आणि नाही म्हणायला मलाच तोंड नाही.

मुलगा डहाणूला कामाला जातो, त्याला कायदा समजतो. "आये, तू कुठे अंगठा दिलास? चा पिऊन जमीन जात नाय."

"तुझा कायदा डहाणूला," मी म्हणाले. "मला पंपावर पाणी भरायचंय."

मग मी वाण्याकडून तसलीच पुडी आणि साखर घेतली आणि जीपमधून डहाणूला गेले. विचारत-विचारत मॅडमचं ऑफिस शोधलं. रीत अंगणातली, पण मला तेवढा धीर नव्हता, तिच्या टेबलावरच पुडी ठेवली.

तिचा चेहरा पांढरा झाला. "आजी, हे काय? उचला आधी!"

"तुमचं तुम्हाला परत."

शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "काय आजी, लाच देता काय? ती पण चहाची?" सगळे हसले. मॅडम हसली नाही. ती माझ्या पाठीमागे दाराकडे बघत होती, कोण उभं आहे का ते. "तुम्हाला कोणी पाठवलं?" तिने हळूच विचारलं. "फोटो काढतंय का कोणी?"

मला बरं वाटलं, काय सांगू. एवढे दिवस मी तिच्या गोड बोलण्यामागे कोण आहे ते शोधत होते, आता ती माझ्या पुडीमागे कोण आहे ते शोधत होती. पण काम झालं नाही. पुडी उचलून मी म्हणाले, "मग पाड्यावर या. माझ्या अंगणात."

ती आली, पण लवकर नाही आली. होळी होऊन गेली, ऊन तापलं, तेव्हा मोजणीवाल्यांबरोबर आली. मी अंगण सारवून ठेवलं होतं. जाऊला आणि आणखी चौघींना बोलावून आणलं. डहाणूहून माघारी आणलेली पुडी त्यांच्यादेखत फोडली, चा केला, मॅडमच्या हातात कप दिला.

"मी चहा घेत नाही, आजी. मला पित्त होतं."

जाऊ उसळली. "स्वतः पीत नाय आणि घरोघर वाटत फिरते!"

मोजणीवाल्यातला एक जण मधे पडला. "मला द्या ना, मी घेतो." जाऊने कप बाजूला ओढला. "तू नाय! तुझं कोणी काय घेतलं होतं?"

मॅडमने सगळ्यांकडे बघितलं. सहा बायका, कोणी हसत नाही, सगळ्यांची नजर तिच्या तोंडाकडे. तिने कप हुंगला. "ह्यात काय घातलंय?"

"चा, साखर, पाणी."

"मग आधी तुम्ही घोटभर घ्या."

आणि तेच मला करता येत नव्हतं. तो परत करायचा चा मीच प्यायले असते तर पुन्हा होकार झाला असता. मी हात मागे घेतला. ते बघून तिने कप खाली ठेवला. तिचा संशय खरा झाला होता. माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता, मी तिला सगळी रीत सांगितली. पुडी ठेवणं, न फोडणं, धक्क्याच्या पहाटे काय झालं ते, पंपावरचं बोलणं बंद झालं ते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी दिवाळीला तुम्हाला मागणी घालून गेले?"

"मग काय!" जाऊ म्हणाली. "सगळ्या पाड्याला एकदम. लाज नाय वाटली?"

तेव्हा पहिल्यांदा बायका हसल्या. मॅडम पण हसली, पण ती शिकलेली, तिला पुढचं लगेच दिसलं. "आणि मी हा प्यायले, की तुमचा नकार?"

"हो."

"मग मी का पिऊ, आजी? माझं काम तर होकार आणायचं आहे."

हे ती खरं बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हणाले, "नको पिऊ. मग मी तुझ्या घरात दिलेली. ने मला."

"दोन वेळ नागलीची भाकर लागते हिला," जाऊ म्हणाली. "आणि रात्रभर खोकते."

मॅडमने उन्हाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, कप उचलला आणि डोळे मिटून पिऊन टाकला, काढा पितात तसा. कप खाली ठेवून पदराने नाही, रुमालाने तोंड पुसलं आणि गाडीत जाऊन बसली. ती का प्यायली ते मला अजून कळलेलं नाही. दया आली असेल. ऊन होतं, निघायचं होतं, म्हणून असेल. नाहीतर तिला वाटलं असेल, ह्या बायकांच्या चाने माझ्या कागदाला काय होतंय. मला वाटतं तेच असणार.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत झाली. माणसं पुढे, आम्ही बायका पाठी. ओढ्याकाठच्या शेतांचं नाव निघालं तेव्हा मी उठले. पुढून कोणीतरी म्हणालं, "डोकरीचं तर ठरलं होतं ना?"

"परत केलाय," जाऊ बसल्या जागेवरून ओरडली. "माझ्या डोळ्यांदेखत. आम्ही पाच जणी होतो. बोलू दे तिला."

सगळे वळून बघायला लागले. मी पुष्कळ बोलणार होते, घरून ठरवून आले होते. नवऱ्याचं, नागलीचं, त्या शब्दाचं पण. तेवढं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "माझं शेत मी देत नाय. माझं नाय लिहा." आणि खाली बसले.

रूळ कुठून जाणार ते नीट कोणी सांगत नाही. कधी म्हणतात ओढ्याकडून, कधी म्हणतात पलीकडून. मोजणीवाल्यांची एक खुंटी माझ्या बांधावर ठोकलेली होती. त्या पावसाळ्यात मुलाने तिच्या बाजूने नांगर वळवून नेला. लावणीला माणूस मिळत नव्हतं. पहिल्या दिवशी जाऊ न बोलावता आली, साडी खोचून चिखलात उतरली आणि म्हणाली, "सरक गे, तुझ्या ओळी वाकड्या जातात."